गॅसवर चालणारं छोटं वाफेचं इंजिन चढावर दम टाकतंय, आगीचं काय करू?

वाफेचा_नाद

मंडळी, नमस्कार. इथे रेल्वेवेड्यांना तोटा नाही, म्हणून गाऱ्हाणं इथेच मांडतो.

मी कॅलिफोर्नियात, सॅक्रामेंटोजवळ राहतो. गेल्या वर्षी एक सेकंडहँड इंजिन घेतलं. साडेसात इंच गेज (रुळांमधलं अंतर), खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला दीड इंच असं प्रमाण, चार चाकांचं शंटिंग इंजिन, मागे टेंडर (पाणी आणि इंधन ठेवायची गाडी). (देशाच्या ईशान्य भागात सव्वासात इंच गेज आणि बाकी सगळीकडे साडेसात. पाव इंचासाठी दोन देश झालेत इथे.) बॉयलर स्टीलचा, दाब दर चौरस इंचाला १०० पौंड. भट्टीत कोळसा नाही, प्रोपेन. खालून आठ उभ्या नळ्या, प्रत्येक नळीच्या तोंडाशी अर्ध्या मिलिमीटरचं जेट (गॅसचं बारीक छिद्र). टेंडरमध्ये २० पौंडांचा सिलिंडर, म्हणजे आपले नऊ किलो. विकणाऱ्याने "घोड्यासारखं पळतं" असं सांगितलं होतं. सपाटीवर पळतंही.

दुखणं असं: उभं असताना काटा १०० वर, सेफ्टी वाल्व फुसफुसतो. तीन वाघिणी आणि सहा मोठी माणसं घेऊन निघालो की क्लबच्या मागच्या चढावर दोनशे मीटरमध्ये काटा ६५ वर येतो. मग मी गॅस वाढवतो. आग घोंघावते, डोळे चुरचुरतात, भट्टीखालून पिवळ्या ज्वाळा बाहेर येतात, आणि दाब काही वाढत नाही. तिसऱ्या फेरीला सिलिंडरवर बर्फ. मोठी जेट बसवू का?

सहज_डोकावलो

अडाणी प्रश्न: कोळसाच का नाही टाकत? पेशवे पार्कातल्या फुलराणीपलीकडे माझी झेप नाही, रागावू नका.

वाफेचा_नाद

रागवायचं काय त्यात. इथे मे ते ऑक्टोबर गवत वाळून कडक होतं. चिमणीतून एक ठिणगी उडाली तर डोंगर पेटेल. आमच्या क्लबात उन्हाळाभर कोळशाला बंदी आहे. शिवाय गॅसवर वीस-पंचवीस मिनिटांत वाफ तयार, आणि संध्याकाळी राख उपसायची नाही.

भुसावळकर

मी भुसावळ शेडला फायरमन होतो, मालगाडीच्या डब्ल्यूजी इंजिनांवर. तिथे दाब २१० पौंड, आणि काटा १८० खाली गेला की ड्रायव्हर आईबापाचा उद्धार करायचा. तुमचं वर्णन वाचून पहिला संशय स्मोकबॉक्सवर. चिमणीखालच्या त्या डब्यात बाहेरून हवा शिरत असेल तर चिमणीची ओढ भट्टीपर्यंत पोचतच नाही. दार, बोल्टांची भोकं, वाफेचे पाइप आत जातात ती जागा, सगळं बघा. ओढ कमी असेल तर ब्लास्टपाइपचं (वापरलेली वाफ चिमणीत फुंकणाऱ्या पाइपचं) तोंड थोडं लहान करा. तोंड लहान, फुंकर जोरदार, आग लाल. आमचा हिशोब साधा होता.

लीड्सचा_पाहुणा

+१, आधी स्मोकबॉक्स. गळती शोधायची स्वस्त पद्धत: इंजिन थंड असताना, गॅसचा सिलिंडर काढून लांब ठेवून, ब्लोअरच्या (इंजिन उभं असतानाही चिमणीत वाफ फुंकून ओढ देणाऱ्या) नळीला कॉम्प्रेसर जोडा आणि उदबत्ती सांध्यांवरून फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे भोक. इथल्या गोऱ्या मित्रांनाही आता उदबत्तीशिवाय चालत नाही. पुड्या मी मुंबईहून आणून देतो.

माझं इंजिन पाच इंची आणि कोळशाचं आहे, त्यामुळे गॅसबद्दल मत देत नाही.

भोसरी_बर्नर

मोठी जेट बसवू नका. निदान आत्ता नको.

माझं पोट बर्नरवर चालतं. बेकरीच्या भट्ट्या, पावडर कोटिंगच्या ओव्हन. इंजिन कधी केलं नाही, पण ज्वाळा ती ज्वाळाच. तुमच्या वर्णनात दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात आल्यात असं वाटतं. मला सांगा:

पिवळ्या ज्वाळा नेमक्या कधी? चढावर धावताना, की वर पोचून रेग्युलेटर (पिस्टनकडे वाफ सोडणारा वाल्व) बंद केल्यावर?
डोळे कधी चुरचुरतात?
गॅसच्या प्रेशर गेजचा काटा पहिल्या आणि तिसऱ्या फेरीला कुठे असतो?

आणि जमलं तर भट्टीच्या दाराला काचेची खिडकी करा. अंदाजाने आग सुधारत नाही.

रसायनी

बर्फाचं मी सांगते, ते पुस्तकी आहे म्हणून सोपं आहे.

अर्ध्या मिलिमीटरची आठ जेट, दाब १५ पौंड धरला तर ताशी साधारण अडीच किलो प्रोपेन जातं. सिलिंडरमध्ये ते द्रव असतं. एक किलो द्रवाचा वायू व्हायला सुमारे ४३० किलोज्यूल उष्णता लागते, म्हणजे तुमच्या सिलिंडरला सतत ३०० वॅट उष्णता हवी. ती तो आपल्याच अंगातून आणि आजूबाजूच्या हवेतून घेतो आणि गार पडत जातो. २० अंशांना आतला दाब सात बारच्या वर असतो, उणे २० ला जेमतेम दीड बार, आणि उणे ४२ ला प्रोपेन वातावरणाच्या दाबालाच उकळतं, मग बाहेर यायला जोरच उरत नाही. शिवाय द्रव जितका कमी, तितकी ओली भिंत कमी, तितकी उष्णता कमी. म्हणून तिसऱ्या फेरीला जास्त त्रास.

सिलिंडर पाण्यात बसवा. टेंडरमध्ये पाणी असतंच ना? फक्त कोणी सिलिंडरला ज्वाळेने शेकू नका. हे लिहावं लागतंय कारण लग्नाच्या मांडवात केटररला जुनी वर्तमानपत्रं पेटवून तसं करताना मी पाहिलंय.

सहज_डोकावलो

मीही पाहिलंय. गरम पाण्याची बादली पण पाहिली आहे.

भोसरी_बर्नर

अवांतर, पण इथले कोणी उत्साही प्रयोग करायला निघतील म्हणून: आपल्या घरगुती लाल सिलिंडरमध्ये ब्युटेनचं प्रमाण भरपूर असतं आणि ते शून्याच्या आसपासच थंडावतं. अमेरिकेत जे प्रोपेन म्हणून विकतात ते जवळजवळ निव्वळ प्रोपेन. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर फक्त ३० मिलिबार देतो, त्यावर असलं इंजिन हलणारही नाही. आणि घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामाला वापरणं बेकायदा आहे.

वाफेचा_नाद

दोन रविवार गेले, आता अहवाल.

एक. उदबत्ती लावली (मोगरा). डाव्या बाजूला वाफेचा पाइप स्मोकबॉक्समध्ये शिरतो तिथे करंगळी जाईल एवढी फट होती. भट्टीच्या सिमेंटने बुजवली.

दोन. भुसावळकर काकांचं ऐकून ब्लास्टपाइपच्या तोंडात बुश बसवून ते साडेनऊवरून आठ मिलिमीटर केलं.

तीन. दाराला अभ्रकाची छोटी खिडकी केली.

निकाल: आधीपेक्षा वाईट. चढावर काटा ५५ वर! इंजिन धापा टाकतंय, जणू कोणी नाक दाबलंय.

भोसरीसाहेब, तुमचं बरोबर निघालं. धावताना ज्वाळा पिवळी नाहीच. निळी आहे, पण नळ्यांच्या तोंडापासून बोटभर वर उचलली जाते आणि सरळ बॉयलरच्या ट्यूबांमध्ये (गरम वायू ज्यातून चिमणीकडे जातात त्या) खेचली जाते. भट्टीचा तळ आणि कोपरे अंधारात. पिवळ्या ज्वाळा आणि चुरचुर वर पोचून रेग्युलेटर बंद केला की. गॅसचा काटा पहिल्या फेरीला १५, तिसऱ्या फेरीला ९.

भोसरी_बर्नर

वाटलंच होतं.

कोळशाच्या आगीत सरपण शेगडीवर पडलेलं असतं. हवा जास्त ओढली की जास्त कोळसा जळतो. इंजिन जोरात ओढतं, चिमणीतून जोरात फुंकतं, आग आपोआप भडकते. इंजिनच आपली आग सांभाळतं. गॅसचं तसं नाही. किती गॅस येणार ते जेट आणि वाल्व ठरवतात. ओढ दुप्पट झाली तर गॅस तेवढाच राहतो, हवा मात्र वाढते. ती जास्तीची हवा थंड शिरते, तापते आणि तुमची उष्णता घेऊन चिमणीतून निघून जाते. वर ज्वाळेला बुडातून उपटते. चढावर तुम्ही आगीला हवा घालत नव्हता, बॉयलरला पंखा लावला होता.

तोंड लहान केल्यावर ओढ अजून वाढली, शिवाय पिस्टनच्या मागे वाफ तुंबली. म्हणून वाईट.

आणि थांबल्यावर उलटं. ओढ एकदम बंद, गॅस चढाच्याच मापाने चालू, हवा अपुरी. मग पिवळी ज्वाळा, काजळी, कार्बन मोनॉक्साइड. डोळे चुरचुरतात ते अर्धवट जळलेल्या गॅसमुळे. तेव्हा खाली वाकून बघू नका.

भुसावळकर

च्यायला. म्हणजे माझ्या सल्ल्याने पोराचं इंजिन बिघडलं की.

खरं आहे हो तुमचं. कोळशाला भूक लागते, गॅसला लागत नाही. मी आयुष्यभर भूक लागणाऱ्या आगीशी वागलो. निलगिरीच्या गाडीची तेलावरची इंजिनं आहेत ना, तिथला एक जण मला म्हणाला होता, ड्रायव्हरने रेग्युलेटरला हात लावला की फायरमनचा हात तेलाच्या कॉकवर गेलाच पाहिजे, दोघांचं जमलं नाही तर काळा धूर नाहीतर थंड भट्टी. तेव्हा मी हसलो होतो.

फट बुजवायला सांगितलं ते मात्र मागे घेत नाही.

लीड्सचा_पाहुणा

फट बुजवलीच पाहिजे. गळक्या स्मोकबॉक्सवर केलेलं कुठलंही माप खोटं.

आता ओढ मोजा. पारदर्शक प्लास्टिकची नळी यू आकारात फळीवर ठोका, अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी, एक टोक स्मोकबॉक्सच्या छोट्या भोकाला, दुसरं उघडं. दोन बाजूंच्या पाण्यात किती मिलिमीटर फरक, तीच ओढ.

आणि चिमणी-ब्लास्टपाइपची रेषा बघा. आमच्याकडचा जुना नियम: ब्लास्टपाइपच्या तोंडापासून एकास सहाच्या उताराने रेषा काढली तर ती चिमणीच्या सर्वांत अरुंद भागाला टेकावी, एकास तीनची रेषा चिमणीच्या खालच्या, घंटेसारख्या तोंडाच्या कडेला. तोंड मधोमध नसेल तर अर्धी वाफ एका भिंतीवर आपटते.

रसायनी

हवेचा हिशोब देऊन ठेवते. एक घनफूट प्रोपेनला पूर्ण जळायला सुमारे २४ घनफूट हवा लागते. वजनात एकाला पंधरा-सोळा. म्हणजे ताशी अडीच किलोला ३०-३५ घनमीटर हवा. त्याच्या वर थोडी जास्त हवी, पण थोडीच. धुरातला ऑक्सिजन मोजता आला तर सगळं कळेल.

वाफेचा_नाद

क्लबात एक जण घरांच्या हीटिंगची कामं करतो. त्याच्याकडे धूर तपासायचं यंत्र आहे. एका बार्बेक्यूच्या बदल्यात त्याने ते दिलं. मी शाकाहारी असल्याने पनीर टिक्का झाला, तो त्याला बेहद्द आवडला, आता तो दर रविवारी यंत्र घेऊन येतो.

मापं, चढावर, आठ मिलिमीटर तोंड असताना: ओढ ५५ मिलिमीटर पाणी. धुरात ऑक्सिजन १३ टक्के.

थांबल्यावर, गॅस तसाच ठेवून: ओढ शून्य, ऑक्सिजन जेमतेम, आणि कार्बन मोनॉक्साइडचा आकडा यंत्राच्या मापाबाहेर. मी लगेच गॅस बंद केला.

रसायनी

१३ टक्के! बाहेरच्या हवेत २१. म्हणजे १३ भागिले ८, गरजेपेक्षा सुमारे १६० टक्के जादा हवा. एका माणसाच्या जेवणाला अडीच माणसांचं ताट.

भोसरी_बर्नर

आता काम सोपं. माझ्या मते या क्रमाने करा आणि एका वेळी एकच बदल.

बुश काढून ब्लास्टपाइपचं तोंड परत साडेनऊ करा, गरज पडली तर पुढे दहापर्यंत.

मग खालून येणारी हवा आवळा. भट्टीचा तळ सताड उघडा असेल. बर्नरच्या नळ्यांभोवती पत्र्याची तबकडी बसवा, तिला सरकतं झाकण. पण तळ पूर्ण बंद कधीच करायचा नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. ज्वाळा विझली आणि वाल्व उघडा राहिला तर तो बंद तळात पाण्यासारखा साचेल आणि पुढची काडी तुमची शेवटची असेल. खाली निचऱ्याची भोकं हवीतच. पेटवायच्या आधी अर्धा मिनिट ब्लोअरने भट्टी झाडून काढा. आधी काडी, मग गॅस.

तिसरं, नळ्यांच्या वर दोन बोटं अंतरावर स्टेनलेस जाळी किंवा भट्टीच्या हलक्या विटेचे तुकडे. निळी ज्वाळा दिसायला झकास, पण ती उष्णता फारशी फेकत नाही. कोळशाचा लाल थर भट्टीच्या भिंतींना शेकतो, निळ्या ज्वाळेला ते जमत नाही. वीट तापून लाल झाली की ती शेकण्याचं काम करते आणि ज्वाळेला धरूनही ठेवते. सिरॅमिकचं लोकरीसारखं कापड वापरणार असाल तर तोंडाला मास्क, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट.

लीड्सचा_पाहुणा

आणि ट्यूबांमध्ये स्टेनलेस पट्टीचे पीळ घाला. वायू गोल फिरत जातो, भिंतीला जास्त घासतो. पण हे सगळ्यात शेवटी, कारण त्याने अडथळा वाढतो आणि तुमची मापं परत बदलतील.

भुसावळकर

मला एक बोलू द्या, यावेळी तोंडबिंड नाही सांगत.

तुम्ही गॅस वाढवता कधी? काटा पडायला लागल्यावर. तेव्हा उशीर झालेला असतो. आम्ही घाट यायच्या आधी मैलभर आग बांधायचो. पाणीही सपाटीवर भरून घ्यायचो. चढाच्या तोंडाशी ग्लास (पाण्याची पातळी दाखवणारी काच) पाऊण, काटा लाल रेघेवर, आणि चढ संपेपर्यंत इंजेक्टरला (बॉयलरमध्ये पाणी घालणाऱ्या यंत्राला) हात नाही. मधेच गार पाणी घातलं की दाब बसलाच. तुमचा चढ दोनशे मीटरचा, म्हणजे वीस-तीस मीटर आधी गॅस उघडा. आणि वर पोचल्यावर आधी ब्लोअर, मग गॅस कमी, मग रेग्युलेटर बंद. आधी रेग्युलेटर बंद करण्याची सवय मोडा.

भोसरी_बर्नर

दंडवत काका. हे मला कधीच सुचलं नसतं. माझ्या भट्ट्या चढ चढत नाहीत.

वाफेचा_नाद

धागा वर काढतोय, सहा आठवड्यांनी.

तोंड परत साडेनऊ. तळाला पत्रा, सरकतं झाकण, चार कोपऱ्यांत निचऱ्याची भोकं. चढावर ओढ २५ मिलिमीटर, ऑक्सिजन ६ टक्के. नळ्यांवर विटेचे तुकडे ठेवलेत, खिडकीतून आता नारिंगी उजेड दिसतो. ज्वाळा बुडाला चिकटून आहे.

गॅसला दोन वाल्व केले: एक लहान, कायम चालू, एक मोठा, रेग्युलेटरच्या दांड्याशेजारी, म्हणजे एकाच हाताच्या टप्प्यात. ब्लोअरचा कॉकही तिथेच आणला. सिलिंडर टेंडरच्या पाण्यात गळ्यापर्यंत. तिसऱ्या फेरीलाही गॅसचा काटा १४ वर होता आणि बर्फ नाही.

काकांच्या पद्धतीने चढलो. तीन वाघिणी, सात माणसं (एक जण आपणहून बसला). वर पोचलो तेव्हा काटा ९०. ताशी गॅस आधीपेक्षा कमी लागतो, हे मला अजून खरं वाटत नाही, पण सिलिंडर दोनदा वजन करून पाहिला.

पीळ अजून घातले नाहीत. एक नवी भानगड आहे: गॅस ११ ते १२ पौंडांच्या मधे असला की भट्टी हंबरते. खालच्या सुरात, लांबपर्यंत ऐकू जाईल अशी. त्याच्या खाली-वर गप्प. कालच्या रविवारी एक लहान मुलगी घाबरून रडली.

भोसरी_बर्नर

हंबरणं म्हणजे आठही नळ्या एका सुरात लागल्यात, बासरीसारख्या. त्यांची एकी मोडा. दोन नळ्यांची उंची पंधरा-वीस मिलिमीटर कमी करा, समोरासमोरच्या नको. नाही जमलं तर विटेचे तुकडे थोडे वेडेवाकडे ठेवा. यात गणित कमी, खटपट जास्त.

सहज_डोकावलो

मी हा धागा सलग वाचला. घरच्या गॅसशेगडीची ज्वाळा पिवळी होती, उठून बर्नर घासला. आता निळी आहे. धन्यवाद.

भुसावळकर

९० म्हणजे उत्तम. व्हिडिओ टाका, पण हंबरण्याचा नको. चढावर चिमणीचा ठोका आणि वर पोचल्यावर शिट्टी, एवढंच. नातू झोपायच्या आधी मागतो.